प्रशिक्षणात दाखवले जाईल

सेनगाव,
दसऱ्याच्या आधीचा रविवार, २००१

तीर्थस्वरूप वैजनाथदादा यांना धाकट्या पुनमचा वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही. काल जीपमध्ये माझ्या मांडीवर दुसऱ्याची पिशवी आणि त्या पिशवीवर तिसऱ्याचं लेकरू होतं, तेव्हापासून कंबर धरली आहे.) मोठ्या भावाला पत्रात 'तुम्ही' लिहावं असं आई म्हणते. पण 'तुम्ही' म्हटलं की मला आमचे साहेब लोक आठवतात आणि मी आपोआप गोड लिहू लागते. आज गोड लिहायचं नाही, म्हणून 'तू'च.

तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आई ठणठणीत आहे. तुम्ही शाळांसाठी केलेल्या साहित्यपेटीतल्या शिक्षक-पुस्तिकेवर तुझं नाव छापून आल्यापासून तर तिला दुखणंच उरलेलं नाही. सोयाबीन बरं आहे, काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. एवढी खुशाली पुरे, आता कामाचं लिहिते.

दादा, तुमची पेटी चांगली आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मला राग येणार आहे. चित्रकार्डं, मण्यांच्या माळा, दशकांचे गठ्ठे, सगळं विचार करून केलेलं आहे आणि पुस्तिका तर मी कादंबरीसारखी वाचली. पण आमच्या तांड्यावरच्या शाळेत पेटी उतरली ती आमचे हेडमास्तर माणिकराव गुरुजींच्या ताब्यात. गुरुजी माणूस वाईट नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत, आणि निवृत्त होताना शाळेतली एकेक वस्तू मोजून दुसऱ्याच्या हवाली करावी लागते. एक कमी भरली की पेन्शनचे कागद अडकतात, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे पेटी आली त्याच दिवशी तिची जडवस्तू-नोंदवहीत नोंद झाली, तिला कुलूप लागलं आणि वर सरस्वतीचा फोटो बसला. पेटी उघडायची तर आधी देवीला उठवावं लागणार, आणि ते कोण करणार? शेवटी कार्डांना ऊन दाखवलं नाही तर वाळवी लागते अशी मी थाप मारली. तेव्हा कुठे गुरुजींनी कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला, तोही पोराला विहिरीजवळ सोडावं तसा.

माझ्या दुसरीच्या वर्गातली बंजारा मुलं घरी त्यांची गोरमाटी बोली बोलतात हे तुला ठाऊक आहे. शाळेत ती बोलतच नाहीत. मी मराठीत विचारते, ती माझ्या तोंडाकडे बघतात, आणि आम्ही दोघं मिळून घंटेची वाट बघतो. त्या दिवशी मी बाजारातल्या सुटलेल्या बकरीचं कार्ड वर धरलं आणि पुस्तिकेत लिहिलं होतं तसं सांगितलं, की तुमच्या घरच्या बोलीत सांगा. नेमसिंगची शितल (पहिलीचं पूर्ण वर्ष जिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता) उठून उभी राहिली आणि बोलतच सुटली. दुसऱ्या मुलांना तिचं म्हणणं पटलं नाही, मग तीही बोलू लागली. बकरी सुटली नाही, तिला जुना मालक दिसला म्हणून ती पळाली, असं शितलचं म्हणणं होतं. हे मला नंतर चौथीतल्या एकीनं समजावून सांगितलं. तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हतं आणि मला इतका आनंद झाला होता की मी खुर्चीत बसून नुसती हसत होते.

आणि मग मला कळेना की आता काय करायचं. ही त्यांच्या बोलीतली गोष्ट मराठी वाचण्यापर्यंत न्यायची कशी? मी फळ्यावर 'बकरी' लिहिलं आणि म्हणा म्हटलं. सगळी एका सुरात म्हणाली, आणि गोष्ट तिथंच मेली. दोन-तीन दिवस मी असंच करून पाहिलं, रोज मुलं बोलायची आणि मी खडू उचलला की गप्प व्हायची. मग मी पुस्तिका काढली. मुलांना मोकळेपणाने बोलू द्यावे, असं लिहून झाल्यावर तुमचं पुढचं वाक्य आहे: 'यानंतरच्या पायरीचे प्रात्यक्षिक प्रशिक्षणात दाखवले जाईल.' मी पान उलटलं. पुढे गणित.

म्हणून मी प्रशिक्षणाची वाट पाहिली, दादा. लहानपणी दिवाळीची पाहिली नसेल इतकी पाहिली. तुमचं पुण्यातलं प्रशिक्षण दहा दिवसांचं होतं म्हणे. पाहुणे वाढतील तसं ताकात पाणी ओतत जावं, तसं ते विभागाला, जिल्ह्याला, तालुक्याला होत होत आमच्या केंद्रावर आलं तेव्हा एका दुपारचं उरलं होतं. त्यातला पहिला भाग उद्घाटनाचा. सत्काराची जबाबदारी माणिकराव गुरुजींकडे, आणि हार आणायला गेलेला माणूस सेनगावातच अडकला. तालुक्याहून प्रशिक्षण द्यायला आलेले साहेब तर खुर्चीवर येऊन बसले. प्रात्यक्षिकासाठी आमची पेटी टेबलावर उघडून ठेवली होती. गुरुजींनी आत पाहिलं, लाल-पांढऱ्या मण्यांची गणितमाळ उचलली आणि घातली साहेबांच्या गळ्यात. कोणी हसलं नाही. साहेबांनी हात जोडले, टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं: मणीमाळ, उपयोग पाहुण्यांच्या स्वागतासाठी. (दुसरा एकही उपयोग त्या दिवशी कोणी सांगितला नाही, तेव्हा बाईंची काही चूक नाही.)

साहेबांनी माळेसकट भाषण केलं. साहित्य हाताळलं पाहिजे, ते कुलपात ठेवणं हा गुन्हा आहे, असं ते माळ कुरवाळत सांगत होते. मग टाळ्यांचे प्रकार शिकवले, पावसाची टाळी, फटाक्याची टाळी, आणि एक गाणं झालं. जेवणानंतर मी उठले. विचारलं, की मुलं त्यांच्या बोलीत बोलली, त्यानंतर काय करायचं? साहेब म्हणाले, "फार छान प्रश्न विचारलात ताई. याचं उत्तर पुस्तिकेत आहे."

मी पुस्तिका उघडून ते वाक्य त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी सगळ्यांना पावसाची टाळी वाजवायला लावली. दादा, त्या टाळीनं मला केलं इतकं गप्प मी वर्गात कधी कोणाला केलेलं नाही.

साहेब गेले, आणि गळ्यातली माळही त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून गेली. परत मागायची कोणाची छाती झाली नाही. त्या दिवसापासून गुरुजींची झोप उडाली. त्यांनी पेटी मोजली, कार्डं कमी भरली, ती माझ्या पिशवीत निघाली. ते माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, तुमची नोकरी अजून लई आहे. माझं उरलंसुरलं या पेटीत आहे." कार्डं आत गेली, कुलूप लागलं, देवी पुन्हा वर बसली. मी काय भांडणार होते? आणि कशासाठी? पुढची पायरी तर मलाही येत नव्हती.

वर्ग पुन्हा शांत आहे. येणारे-जाणारे म्हणतात, बाईंची शिस्त चांगली आहे. परवा शितलची आई रूपाबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन शाळेच्या दाराशी थांबली. भारा उतरवला नाही, तशीच उभी राहून म्हणाली, "बाई, पोरगी घरी येऊन लई बोलून राहिली होती. आता काहून गप झाली? तुमी मारलं का तिला?"

मी नाही म्हणाले. तिला ते खरं वाटलं नाही. मारलं असतं तर कारण तरी सांगता आलं असतं मला. पेटी, पेन्शन आणि प्रात्यक्षिक हे त्या बाईला मी कुठल्या भाषेत समजावून सांगणार होते? फार वाईट वाटलं, दादा. अजून वाटतं.

बाकी तुमच्या कामाचं तिकडे कौतुक होत असेलच, ते व्हावं. मुलांना आत्याचे पापे. वहिनींना म्हणावं, गुडघ्याला एरंडाचं पान बांधून पाहा.

तुझी (सध्या शिस्तप्रिय म्हणून गाजत असलेली) बहीण,
पुनम

ता. क. : तक्रार करायला पत्र लिहिलं नाही, तक्रारीची मला सवय आहे. मला ती पुढची पायरी लिहून पाठव. साध्या कार्डावर, चार ओळींत. चित्रं मी जुन्या कॅलेंडरांच्या मागे स्वतः काढली आहेत. माझी बकरी कुत्र्यासारखी दिसते, पण मुलांना भांडायला तेवढं पुरेल. ती बोलली की पुढे काय, एवढंच माझ्याकडे नाही, म्हणून चित्रं अजून बाहेर काढलेली नाहीत. शितलला दुसऱ्यांदा बोलतं करून पुन्हा गप्प करायचं धाडस माझ्यात नाही.

पुन्हा ता. क. : आज सोमवारी शाळेत पाकीट चिकटवणार तेवढ्यात आदेश आला. दिवाळीनंतरच्या प्रशिक्षणात याच पेटीसाठी तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. (अर्हतेच्या रकान्यात 'पुस्तिकाकारांच्या भगिनी' असं लिहिलं आहे.) मी नाही म्हणू शकत नाही. समोर केंद्रातले सगळे शिक्षक बसतील, आणि मागून एखादी बाई उठून मी विचारलं तेच विचारील. म्हणून आता खरं सांग. ते वाक्य लिहिताना पुढची पायरी तुमच्यापैकी कोणाला येत होती का? येत नव्हती आणि पान छापायला जायचं होतं, असं झालं असेल, तर तेही कळव. मी रागावणार नाही. त्या बाईला मी सांगेन, की हे अजून कोणालाच येत नाही, खाली बसू नका, आपण इथंच शोधू.