चार-बाराची गाडी

४ जानेवारी, पहाटे ५.३०

संकल्प: आजपासून रोज साडेपाचला उठून मॉडेलचं काम. आज उठलो आहे. (बायकोने पाण्याची मोटर चालू करायला उठवलं. पण उठलो, हे महत्त्वाचं.)

२२ फेब्रुवारीला लायब्ररीच्या हॉलमध्ये मॉडेल रेल्वे क्लबचं प्रदर्शन. माझा विषय: आमच्या लहानपणी घरामागून जाणारी छोटी लाइन. आता तिचे रूळसुद्धा उरलेले नाहीत. क्लबचे अध्यक्ष, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, विचारत होते, जुने फोटो, नकाशे वगैरे काही आहेत का. मला हसू आलं. म्हटलं, डॉक्टर, सहा वर्षं रोज दुपारी चार-बाराची गाडी कुंपणावर बसून पाहिली आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांना फोटो लागतात. शिवाय माझ्याकडे नोंदींच्या सात वह्या आहेत. तारीख, वेळ, इंजिन नंबर. गोवराचे नऊ दिवस सोडले तर खंड नाही.

आणि खरी बातमी पुढेच आहे. उद्घाटनाला त्याच लाइनवरचे रिटायर्ड ड्रायव्हर येणार! वय अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनीच त्यांची कवळी केली, तिथे बोलता बोलता निघालं. म्हणजे माझेच ड्रायव्हरकाका. आमच्या कुंपणाशी आले की दोन शिट्ट्या द्यायचे. एक लांब, जगासाठी. एक आखूड, फक्त माझ्यासाठी. पाणीपुरवठा ऑफिसात बत्तीस वर्षं ही गोष्ट सांगितली. लोक इतके भारावायचे की मध्येच उठून जायचे.

काका मला ओळखतील. बाकी काही नको.

९ जानेवारी

डायनिंग टेबल ताब्यात घेतलं, फक्त दोन आठवड्यांसाठी. बायको काही बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नाही. ताट मांडीवर घेऊन जेवलो. पाठीला चांगलं असतं म्हणे.

संध्याकाळी ताई आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, जन्मभर नर्स, त्यामुळे कुणी न विचारता सल्ला देते. अर्धवट इंजिन हातात घेऊन म्हणाली, सुरेख झालंय रे, पण हे उलटं यायचं. कोळशाचा डबा पुढे आणि धुराडं मागे. मी पोट धरून हसलो. म्हटलं, ताई, इंजिनाला तोंड असतं आणि ते पुढे असतं. तुझंमाझं असतं तसं.

ती कुंपणावर माझ्या शेजारी असायची हे खरं. पण तिचं काम फक्त नंबर ओरडून सांगायचं. तो लिहायचो मी. ओरडणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं.

१७ जानेवारी

पहाटे उठण्यात एक अडचण आहे: अंधारात रंग नीट दिसत नाहीत. म्हणून संकल्प साडेसातवर आणला. तत्त्व तेच.

शेवटच्या स्टेशनात टर्नटेबल बसवलं. म्हणजे इंजिनाचं तोंड फिरवायची गोल चकती. बिस्किटांच्या डब्याचं झाकण अगदी मापात बसलं. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तिथे असलं काही नव्हतं. आपण मामाकडे त्याच स्टेशनावर उतरायचो, मला चांगलं आठवतंय. मी शांतपणे समजावलं की टर्नटेबल नसतं तर इंजिनाला परत येताना उलटं यावं लागलं असतं. ती म्हणाली, तेच तर सांगतेय. बोलण्याला काही अर्थच नव्हता. ठेवला फोन.

बिस्किटं मऊ पडल्याची तक्रार. मऊ बिस्किटं दातांना बरी, असं सांगून पाहिलं.

२५ जानेवारी

आज आमचं घर, पुढचा पुठ्ठ्याचा बोगदा, कुंपण, कुंपणावर मी. तांदळाएवढा आहे, पण ऐट कळते. एक हात वर, ड्रायव्हरकाकांकडे पाहून हसतोय. ताईची बाहुली करायला माती उरली नाही.

कुंपणाबाहेर रुळालगत एक पिवळी पाटी होती, तीसुद्धा केली. कसली होती ते आठवत नाही, बहुतेक आमच्या घराची हद्द असावी. डॉक्टर पाहायला आले होते. पाटीकडे बघून मिशीत हसले. विचारलं तर म्हणाले, काही नाही, छान डिटेल आहे. जळतात.

त्यांच्या टेबलावर परदेशी इंजिनं आहेत, धूरसुद्धा येतो. पण त्यांना कोणी शिट्टी दिली होती का? नाही.

२ फेब्रुवारी

पहिली चाचणी. इंजिन वळणावर सरळ गेलं, टेबलावरून उतरलं आणि फ्रिजखाली शिरलं. अर्धा तास केरसुणी घेऊन पालथा पडलो होतो. सोबत हरवलेला चष्मा आणि एक लिंबू निघालं. वेग एवढा होता, म्हणजे मोटर उत्तम आहे.

बायकोने विचारलं, दोन आठवडे संपले का. मी म्हटलं, कामाचे आठवडे वेगळे मोजतात.

११ फेब्रुवारी

ताई म्हणाली, एकदा मला चालवू दे ना. कंट्रोलरकडे हातही नेला. मी समजुतीने तिचा हात बाजूला केला. म्हटलं, अगं, प्रदर्शनाआधी जोखीम नको. ती म्हणाली, लहानपणी वहीला हात लावू दिला नाहीस, आता याला लावू देत नाहीस. चहा न घेता गेली.

बायको म्हणाली, त्या दोन बस बदलून येतात. मला वाईट वाटलं. पण धुराड्याला रंगाचा दुसरा हात द्यायचा होता, त्यात विसरलो.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी कुठून तरी छोट्या लाइनचा जुना फोटो आणला. त्यात कोळशाचा डबा पुढे, धुराडं मागे. मी एका नजरेत ओळखलं की गाडी दूर चालली आहे. डॉक्टर म्हणाले, धूर डब्यांवरून मागे जातोय, म्हणजे गाडी आपल्याकडे येतेय. मी म्हटलं, वारा असेल. ते म्हणाले, मग सिग्नलची पाठ आपल्याकडे कशी? मी म्हटलं, फोटो उलटा छापला असेल. त्यांनी विषय सोडून दिला. हरले की लोक असंच करतात.

भाषण पाठ झालं. विषय: मी आणि ती शिट्टी. पाच मिनिटांत बसवायचं होतं, सतरा झाली आहेत. बायकोला म्हणून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. शेवटी हलवून उठवावं लागलं.

२२ फेब्रुवारी, रात्री

झालं प्रदर्शन. जसं घडलं तसं लिहितो. वही ठेवायची तर सगळं लिहिलं पाहिजे.

काका आले. काठी टेकत, पण नजर स्वच्छ. डॉक्टरांच्या धूर सोडणाऱ्या इंजिनांपुढून सरळ चालत माझ्या टेबलाशी थांबले. बघता बघता त्यांनी पिवळ्या पाटीवर बोट ठेवलं. म्हणाले, वा, ही कुणाच्या लक्षात राहत नाही. शिट्टीची पाटी. पुढे फाटक होतं ना, म्हणून इथे लांब शिट्टी द्यावीच लागायची. ड्रायव्हर कोणी का असेना.

मी घाईने म्हटलं, पण दुसरी आखूड शिट्टी? काका एकदम हसले. कवळी सगळी दिसली. म्हणाले, ती नियमात नव्हती. या कुंपणावर एक मुलगी उभी असायची, दोन वेण्या, दोन्ही हात हलवायची. पडेल की काय असं वाटायचं. दुसरी शिट्टी तिची.

ताई माझ्या मागेच होती.

मी विचारलं (का विचारलं?), शेजारी एक मुलगा असायचा ना? काका जरा आठवून म्हणाले, हो हो, असायचा एक. मान खाली घालून काहीतरी लिहीत बसलेला. सहा वर्षांत त्या पोराने कधी वर पाहिलं नाही. आम्ही म्हणायचो, हा मोठेपणी मास्तर होणार.

मास्तर नाही, हेडक्लार्क झालो. हे बोललो नाही.

मग गाडी सुरू केली. या खेपेला रुळावर राहिली, पण शेवटच्या स्टेशनात टर्नटेबल अडकलं आणि इंजिन आडवं होऊन बसलं. काकांनी बिस्किटाचं झाकण नखाने उचललं, म्हणाले, हे काढून टाका. इथे आम्हाला तोंड फिरवायला जागाच नव्हती. या घरावरून दुपारी मी नेहमी उलटाच आलो, मान मागे वळवून वळवून. अजून दुखते.

सकाळी सरळ जायचे म्हणे. सकाळी आम्ही शाळेत असायचो.

भाषणासाठी नाव पुकारलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. माझ्याऐवजी ताई बोलली, दोनच मिनिटं. लोक हसले, मग एक-दोघांनी डोळे पुसले. तिने सांगितलं की सात वह्या माझ्या भावाने भरल्या आणि एकही दिवस चुकला नाही. मला जरा बरं वाटलं. पण खरं लिहायचं तर आज फार वाईट वाटलं. पन्नास वर्षं मी दुसऱ्याची शिट्टी सांगत फिरलो, आणि जिची होती ती घरी प्रत्येक वेळी शेजारी बसून ऐकत होती.

घरी येताना विचारलं, ताई, कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू इतकं छान सांगायचास.

१ मार्च, रविवार

झाकण डब्याला परत दिलं. इंजिन उलटं जोडलं: कोळशाचा डबा पुढे, धुराडं मागे. कुंपणावर दोन वेण्यांची एक बाहुली उभी केली, दोन्ही हात वर. माती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणजे बाहुलीच्या. तो हात आता खाली आहे, त्यात पेन्सिल.

बायकोला शब्द दिला आहे, आजच्या फेरीनंतर टेबल रिकामं. तिने तारीख लिहून मागितली.

ताईला फोन करून बोलावलं. खुर्चीत बसवलं, कंट्रोलर तिच्या हातात दिला. मी घड्याळ लावून, वही-पेन्सिल घेऊन बसलो होतो. बरोबर वेळेला गाडी निघाली. ताईने तोंडानेच शिट्टी दिली, एक लांब, एक आखूड. बायकोने टाळ्या वाजवल्या. ताई ओरडली, अरे बघ, बघ, कुंपणाशी आली!

मी वर पाहिलं तेव्हा गाडी बोगद्यात गेली होती.

बायकोने विचारलं, कशी दिसली? मी वहीत बघून सांगितलं, चार वाजून बारा मिनिटांनी.