गल्लीतल्या सासूबाई

हलब (अलेप्पो), १२ सप्टेंबर २०९१
ती. मुहन्नददादास,
वजीहाचा सलाम, वि. वि.

गुडघे कसे आहेत? घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, हात नाही गेले. निदान लिहीत तरी जा.

बातमी तुझ्या रणगाड्याची. लढाई संपल्यावर तू जिथं उतरलास, तिथंच गल्लीच्या तोंडाशी तो अजून बसून आहे. आमच्या सुना त्याला ‘सासूबाई’ म्हणतात. दारात ठाण मांडलेलं, जागचं हलायचं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला आडवं! तरी मिरच्या वाळवायच्या दिवसांत त्या तापल्या पाठीवरच्या जागेसाठी भांडतात मेल्या. मीही भांडले.

पण परवा शेजारच्या रिहाबला कळा सुटल्या आणि अँब्युलन्स आत येईना. चादरीत घालून न्यावं लागलं. बाळ वाचलं, अल्लाची कृपा. आता नगरपालिका इंजिन चालू करून सासूबाईंना भट्टीत वितळवायला धाडणार. त्यांचं म्हणणं खरं आहे, तरी माझा जीव तुटतोय.

माया आहेच, उत्तराचा आळस नसावा.
तुझी वजी

मर्सिन (तुर्कस्तान), १७ सप्टेंबर
चि. वजीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

जाऊ दे तिला. रस्ता बाळंतिणीचा.

गल्लीबोळांत लढायलाच घडवली होती तिला. आखूड तोफ, जागच्या जागी वळायचं, भिंती फोडायच्या, सगळं स्वतःच्या डोक्यानं. पण कारखान्यातून आली तेव्हा तोंडात एकच शब्द, ‘हटा!’ म्हटलं, ही लोकांच्या दारांत शिरणार आणि हाक न घालता? मग माझ्या आवाजात ‘या सातिर’ शिकवलं, परका पुरुष घरात शिरताना बायांना सावध करायला घालतो ती आपली हाक. आतून बाई ‘ये’ म्हणेपर्यंत पुढं सरकायचं नाही. आमचा साहेब काय भडकला! म्हणे, पाहुणचाराला चाललायस का? पण बायापोरांना निसटायला वेळ मिळायचा.

वजी, एक मागणं. नात शहद हिनं माझा आवाज कधी ऐकलाच नाही. आता तो फक्त तिच्यापाशी उरलाय, त्या सासूपाशी. गल्लीत इंजिन सुरू झालं की ती आधी हाक घालते, तेवढी रेकॉर्ड करून पाठव.

तुझा दादा

हलब, २६ सप्टेंबर
ती. दादास,
सलाम, वि. वि.

रागावू नकोस. घोटाळा झाला आणि तो माझ्या हातून.

फोन धरून मी उंबऱ्यात तयार उभी होते. इंजिन घरघरलं, आणि एकदम तू ओरडलास, ‘या सातिर!’ अगदी तिशीतला, खणखणीत, जरा घाईतला. साऱ्या बाया ओढण्या सावरत आत पळाल्या, साठी उलटलेल्यासुद्धा! मला भावापासून कसला पडदा? फोन कट्ट्यावर टाकला आणि ओरडले, ‘ये रे, ये, वाट मोकळी आहे!’

उत्तर मिळाल्यावर ती दुसरी हाक कशाला घालेल? वळली आणि गेली. पुढं सगळे रुंद रस्ते, तिथं हाकेचं कामच नाही. फोनचं बटण दाबायचंच राहिलं होतं. शहदला काय तोंड दाखवू? पण शपथेवर सांगते, दारात तूच उभा होतास.

तुझी बावळट बहीण

मर्सिन, १ ऑक्टोबर
चि. वजीस,
आशीर्वाद, वि. वि.

रडू नकोस, वेडाबाई. तुझं पत्र शहदनं मोठ्यानं वाचलं. ‘या सातिर’ इतक्या जोरात ओरडली की शेजारीण ओढणी शोधायला धावली.

आवाजाचं राहू दे. गाव सुटल्यापासून हलबमधून मला कुणी ‘ये’ म्हटलं नव्हतं. तू म्हटलंस. थंडी पडायच्या आत येतो.

तुझा दादा