थडग्यावरचा खडा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. ड्रोहेडा, आयर्लंड

“खडे उचलू नकोस, ते माझ्या लेकीचं पांघरूण आहे,” तेरेसा दहा वर्षांपूर्वी म्हणाली होती. पॅसिफिकमधल्या त्यांच्या बेटावर थडग्यांवर प्रवाळाचे पांढरे खडे पसरतात. मी तिच्याच घरी पाहुणी, आणि तिची पाठ वळताच एक खिशात घातला. का? सुंदर होता म्हणून?

आज तिचा मेसेज आला. समुद्राने थडगं नेलं, एक खडाही उरला नाही. आणि माझ्या खिडकीतल्या कुंडीत दहा वर्षं तो खडा पडून आहे. मीराला सांगितलं. “सो यू रॉब्ड अ डेड किड, मम? ग्रँड,” माझी लेक म्हणाली आणि चहा ओतत राहिली.

तेरेसाला सगळं लिहून कबूल केलं. ती नाहीच म्हणेल, तरी शेवटी विचारलं: तो तुझ्या हातात द्यायला मी स्वतः येऊ का?