तैयबचं रीळ

मंगळवार, ३ ऑक्टोबर

फिरतच नाही! तैयब मशिदीत गेला म्हणून त्याची गळाची काठी दाराआडून काढली, म्हटलं रिळाला जरा तेल सोडावं. बघते तर मूठ हलत नाही, तारेची कमान उघडत नाही, गळाचा तंगुसाचा दोरा मिठाने चिकटून एक गोळा झालेला. कित्येक महिने हे रीळ चाललेलं नाही. बाबांच्या गळ-रिळं दुरुस्तीच्या दुकानात मी लहानपणापासून हीच कामं केली, मला कोण फसवणार?

आणि नवरा माझा रोज सकाळी धक्क्यावर 'मासे धरायला' जातो. परवाच दोन बोय मासे घेऊन आला. मी ते घालून रव्याचा कुसकुस केला, तो मिटक्या मारत जेवला.

बुधवार, ४

त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर सावध होईल. गच्चीवर शेजारच्या मबरूकाला मात्र सांगून बसले. ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडणारा पुरुष मासळीकडे जात नाही, मन्नूबिया. मासळीला कुठली आलीय वेळ?"

दुपारी तो झोपला तेव्हा रिळाच्या सांध्यांत रॉकेल सोडलं.

रविवार, ८

सुटली मूठ! चार दुपारी गेल्या. गरम पाण्याचं फडकं गुंडाळायचं, लाकडी डावाने हळू ठोकायचं, केसभर मागे, केसभर पुढे. पक्कड लावायचा मोह झाला होता. पण बाबा ओरडायचे – स्क्रू तुटला की अर्धा आतच राहतो. मग सगळं उघडून धुतलं, तेल दिलं, काठी होती तशी दाराआड ठेवली. आता लोण्यासारखं फिरतंय.

खरंच मासे धरत असेल तर उद्या आल्याआल्या रीळ सुटल्याचं सांगेल.

मंगळवार, १०

चकार शब्द नाही. मासा मात्र आणला. कल्ल्यात बर्फाचे खडे! समुद्रातून बर्फ कधीपासून निघायला लागला? कशाने धरलास विचारलं तर म्हणे, गळाने. खोटारडा.

रमझीचा फोन आजही लागला नाही. एप्रिलमध्ये होडीतून इटलीला गेला पोरगा, कुठेतरी कामात अडकला असेल, जम बसला की करेल. मी रोज लावून बघते. तैयब विचारतसुद्धा नाही. मन दुसरीकडे गुंतलं की पोटचं पोरही आठवत नाही.

शुक्रवार, १३

परत अडकलंय! आत वाळू. ओली वाळू, बोटाने दाबून दाबून भरलेली. ही आपोआप जात नाही. म्हणजे मी सोडवायचं आणि याने मुद्दाम अडकवायचं. का? रागही आला आणि रडूही.

उद्या त्याच्या मागे जाणार. कोण आहे ती, एकदा बघूनच घेते.

शनिवार, १४

मबरूकाची चादर डोक्यावरून घेऊन गेले. बाई नाही, कोणी नाही. पाच-सहा गळवाले आणि टोकाला एकटा तैयब. कोणीतरी हाक मारली, "तैयब, नुसतं बघून मासा लागतो का रे?" त्याने रिळाची मूठ दाखवली, म्हणाला, "अडकलंय." ते हसले. हा मात्र सकाळभर पाण्याकडे बघत बसला. मग मासळीवाल्याच्या गाडीवर मासा विकत घेतला आणि घरची वाट धरली. मी मागच्या गल्लीने पळत आले.

बाई नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट भडकलेच. तो झोपला तशी रीळ पुन्हा धुतलं, तेल दिलं, आणि जेवताना त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"घे. चालतंय. उद्या सगळ्यांसमोर गळ टाक."

त्याने मूठ एकदा फिरवली. मग ताट सारून उठला.

रविवार, १५

चहा घेताना बोलला, माझ्याकडे न बघता. "मे महिन्यात त्या हमूदा कोळ्याच्या जाळ्यात एक बुडालेला पोरगा आला. आपला नव्हता. तेव्हापासून माझ्याच्याने गळ टाकवत नाही. आणि घरी बसलो तर तू कारण विचारशील."

मी उठून रीळ घेऊन अंगणात गेले. मूठ हलायची थांबेपर्यंत रिळात वाळू भरली, माझ्या हातांनी.