सातवा कोरा माणूस

सोमवार, ६ ऑक्टोबर

काम मिळालं! पाचच दिवसांचं, पण मिळालं. बिअरसाठीच्या हॉपच्या वेली तोडायचा हंगाम संपला, म्हणून ब्रनो शहरात आलो. ट्राम चुकली आणि थांब्यावर चिठ्ठी दिसली — ‘एकट्याने खेळायचा कोड्यांचा गेम. आधी न पाहिलेला माणूस हवा.’ शिक्षणाबद्दल अवाक्षर नाही. लगेच गेलो.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दोन माणसं. वेंदुला, पन्नाशीची — चित्रं आणि कोडी तिची. ओतकार प्रोग्राम लिहितो आणि कुरकुरतो. दारात बूट काढले तर मोज्याला भोक. ओतकारने सपाता पुढे सरकवल्या. म्हणाला, “सातवा आला. निदान हवेशीर तरी आहे.”

मी खेळायचं, वेंदुलाने मागे बसून बघायचं. तिने हूं की चूं करायचं नाही. इथे माणूस कोरा लागतो. उत्तर कळलं की बाद, परत कोरा होता येत नाही. कुणाच्या तोंडून कळलं तर तेव्हाच सांगायचं — तसा शब्द घेतला माझ्याकडून.

मंगळवार, ७

रिकामं गाव. हरवलेल्या काकाला शोधणारी एक मुलगी, तिला मी फिरवतो. अकरा कोडी सुटली — पवनचक्की, पोस्टातल्या पेट्या, मधमाश्या. मध्येच तळ्यावर बदकं मोजत बसलो. तासभर! बदकांचा कशाशीच संबंध नाही म्हणे.

मग तळ्याकाठचं घर. एकच खोली, नुकती पुसलेली लाकडी जमीन. काका खाली तळघरात आहे, एवढं कळलंय. खाली जायची वाट सापडत नाही.

बुधवार, ८

चूल, घड्याळ, पलंग, सगळं उचकलं. काही नाही.

दुपारी लसणाचं सूप पिताना कळलं, आधीचे सहाही याच घरात अडकले. सोमवारी गेम प्रकाशकाला पाठवायचाय. शुक्रवारपर्यंत मला नाही सुटलं तर हे घर गेममधून काढणार. काका मग चर्चमध्ये सापडेल. वेंदुलाने त्या जमिनीवर चार महिने घालवलेत. प्रत्येक फळीतली गाठ वेगळी!

“कोडं बरोबर आहे,” ती म्हणाली.

“हो ना. माणसंच चुकीची जन्माला येतात,” ओतकार.

गुरुवार, ९

सकाळी चार तास. मागे खुर्चीची करकर तेवढी. एकदा वळून पाहिलं तर वेंदुला तोंडावर हात दाबून बसलेली.

संध्याकाळी ओतकारने बिअर पाजली. तिसऱ्या ग्लासाला वैतागला — “आपल्याकडे पुसलेल्या जमिनीवर कोण चिखलाचे बूट घेऊन जाईल? आईने लाटण्याने हाणलं असतं!” मग ग्लास खाली ठेवला. “काय बोललो रे मी?”

“आईबद्दल काहीतरी,” मी म्हणालो.

कळलं मला. दारात गेममधल्या मुलीचे बूट मीच दर वेळी काढत होतो, सपाता घालत होतो. गेमने सांगितलंच नव्हतं! हात आपोआप जायचा.

सांगायला हवं. पण सांगितलं तर मी बाद आणि घरही बाद. नाही सांगितलं तर तिचं घर वाचतं. आणि माझी एक तरी गोष्ट पुरी होते — शाळा अर्धी, सुतारकाम अर्धं, बेकरीत तर तीनच आठवडे टिकलो.

नाही सांगणार.

शुक्रवार, १०

सुटलं! आधी घड्याळाशी झटापट केली, दाखवायला. मग मुलीला बुटांसकट आत नेलं. तो चिखल त्या फळ्यांवर! ओल्या ठशांचं पाणी हळूहळू एका फटीत मुरलं. तिथेच तळघराचं झाकण. खाली काका.

ओतकारने टेबल बडवलं. “आयला, सुटलं!” माझ्याकडे मात्र बघेना. त्याने खसखशीचा केक आणला होता, मी दोन तुकडे खाल्ले.

वेंदुलाने एकच विचारलं, “दारात काय वाटलं रे तुला?”

“काही नाही. सरळ आत गेलो.”

तिने वहीत लिहून घेतलं. केक खाल्ला नाही.

शनिवार, ११

घर वेंदुलाने काढून टाकलं. स्वतःच. रागावली नाही. “पुसलेली जमीन खराब करताना काहीच वाटलं नाही? म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलं होतं तुला.” मी होकाराची मान हलवली. ओतकारचं नाव घेतलं नाही.

मग म्हणाली, “एवढं खरं सांग. तुझं तुला सुटलं असतं का?”

ते आता मलाही कधी कळणार नाही.