पाच रुपयांचा म्हातारा

४ मार्च

ती. वहिनीस,

शि. सा. न., आणि नमस्कार झाला की लगेच भांडण. म्हणे मी नोकऱ्या सदऱ्यांसारख्या बदलतो. बदलतो! पण स्वतः घर बदलून बसलेल्या बाईने हे बोलू नये. तुम्ही ठमीला घेऊन शिवणकारखान्याच्या माडीवर राहायला गेलात त्याला आता वर्ष होईल, आणि बाबा तिकडे एकटे भांडी करपवतायत. माझ्याशी भांडता तसं सासऱ्याशीही एकदा कडकडून भांडून घ्या की. अबोल्यात काय मजा?

माझं नवीन काम म्हणजे उंच इमारतींच्या काचा पुसणं. दोरीला लटकायचं, बादली कडेला. मुकादम म्हणतो, तू एका जागी टिकत नाहीस म्हणून तुला बांधूनच ठेवलाय. परवा एका हॉटेलाची काच पुसत होतो. आत एक जण चादरींची गाडी ढकलत चालला होता. दादा ढकलायचा तशीच, एका हाताने, दुसरा हात खिशात. खालून मुकादम ओरडला तेव्हा कळलं की मी केव्हाचा एकच काच पुसतोय. चकचकीत झाली मात्र.

रागावू नका. रागावलात तरी ठमीला माझा पापा द्या.

तुमचा उपद्रवी दीर,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि दोरीची गाठ दोनदा बघत जा.

अबोल्यात मजा नसते हे मला शिकवू नकोस. तू तिथे नव्हतास. बंदूकवाले हॉटेलात शिरल्यापासून मी पोलिसांनी बांधलेल्या दोरीशी उभी होते. तळघरातल्या लाँड्रीत सगळ्या कामगारांना कोंडलंय, त्यांत आपली दोन माणसं आहेत, एवढंच ठाऊक. दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि तुझे बाबा एकटेच बाहेर आले. मी हाका मारल्या, तुझा दादा कुठेय म्हणून ओरडले, घसा फाटेस्तोवर. त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. माझ्यासमोरून सरळ चालत गेले. दादाला त्यानंतर आणलं, ते चादरीखाली. बाप पोराला आत ठेवून येतो आणि सुनेला एक शब्द देत नाही, त्याच्याशी भांडायचं तरी काय?

ठमीला मी अडवत नाही. दर रविवारी आजोबांकडे जाते आणि इस्त्री होऊन येते. फ्रॉक, मोजे, परवा तर केसांची रिबीनसुद्धा कडक. एक दिवस पोरीवरच इस्त्री फिरवतील. हे लिहिताना हसू आलं, म्हणून आणखीच राग आला.

लोभ आहेच, पण तो तुझ्यापुरता. घरभर वाटत सुटू नकोस.

तुझी वहिनी

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बापाला इतकं झापणारं पत्र मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच. विचारतोस, वहिनीच्या हाकेला ओ का दिली नाही. एकदाच सांगतो.

ते लोक आजारी, निकामी माणसांना सोडत होते. नुसती अडगळ नको म्हणून. त्यांत मी नव्हतो, मी धडधाकट. तेवढ्यात तुझा दादा उठला आणि त्यांना म्हणाला, हा म्हातारा ठार बहिरा आहे, तुमचं एक ऐकणार नाही, रात्री घोरून झोपू देणार नाही, आणि याच्यासाठी कुणी पाच रुपये मोजणार नाही. ते हसले. एकाने माझ्या कानाशी टाळी वाजवून बघितली. मी इस्त्रीच्या टेबलावरून नजर हलवली नाही. मग मला बाहेर ढकललं.

सूनबाईची पहिलीच हाक मला ऐकू आली होती. पण बंदूकवाला पाठीमागे दारात उभा होता. वळलो असतो तर पोराचं खोटं आत उघडं पडलं असतं. नाही वळलो. पुढे पोलिसांनी गाडीत घालून नेलं, आणि पुढे व्हायचं ते झालंच. तिचा माणूस मला बाहेर काढून स्वतः आत राहिला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा तिने मला दगड समजावं. तिला काही कळवू नकोस.

आणि मी घोरत नाही.

तुझे बाबा

१४ एप्रिल

ती. वहिनीस,

शि. सा. न. सोबत बाबांचं पत्र आहे. कळवू नकोस असं त्यांनी बजावलंय. मी कळवत नाही, नुसतं पाकिटात घालतोय. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला याहून जास्त समजत नाही.

मी पहिल्यांदा कामाला निघालो तेव्हा दादाने भर स्टँडवर माझी लाज काढली होती, आठवतं? म्हणाला, हा आठवड्यात परत येणार, तिकिटाचे पैसे पाण्यात. आणि बोलता बोलता स्वतःचं घड्याळ माझ्या खिशात कोंबलं. ते अजून चालतंय. माणसावर जीव असला की आधी त्याची टर उडवायची, अशीच त्याची तऱ्हा.

हे पत्र वाचून झालं की भांडायला मला बोलवा.

धाकटा

२८ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद. चुगलखोरा, तुझं भलं होवो.

पत्र वाचलं आणि कामावरून तशीच घरी गेले. बाबा पाठमोरे उभे राहून ठमीचा फ्रॉक इस्त्री करत होते. मी दारातूनच, अगदी हळू, बाबा म्हटलं. माझं मलाच धड ऐकू आलं नसेल. ते पहिल्या हाकेला वळले. इस्त्री तशीच फ्रॉकवर राहिली. फ्रॉकला भोक पडलंय, चांगलं इस्त्रीच्या आकाराचं. ठमीने भोकाड पसरलं, मग फ्रॉकचं निमित्त करून आम्ही दोघंही रडून घेतलं.

त्या रात्री तिथेच राहिलो. महिनाअखेर माडी सोडतेय. एक मात्र तुझ्या दादाचं खरं होतं. ते घोरतात. ठमी म्हणते, भांडी हलतात.

वहिनी

११ मे

ती. वहिनीस,

शि. सा. न. दोरीची गाठ दोनदा बघतो, मुकादमालाही बघायला लावतो, तो वैतागलाय. नोकरी अजून तीच आहे, घाबरू नका. पुढल्या महिन्यात येतोय. माझी खाट घोरण्यापासून जमेल तितकी लांब टाका.

पैसे पाठवतोय. आधी ठमीला फ्रॉक, उरलेले घरात. वरचे पाच तेवढे बाबांच्या हातावर ठेवा आणि सांगा, धाकट्याने मोजलेत. कुणी मोजणार नाही म्हणाला होता ना दादा? एकदा तरी तो चुकला, हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं.

लोभ वाढवा, भांडण कमी करू नका.

तुमचा धाकटा

ता. क. पोस्टातून मोजून घ्या: रुपये आठ हजार पाच.