दहापैकी दोन

निरवांगी,
ता. ६ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप चंद्राक्का हिला धाकटा भाऊ सावळाराम याचा दंडवत. (मनातनंच घालतोय, गुडघे टेकत न्हाईत.) सुप्याला पाऊसपाणी कसं हाय? दाजींचा खोकला बसला का? हितं सगळं बरं हाय असं लिवायची रीत हाय, म्हणून लिवतो.

आक्का, माझा संधिवात तुला ठावं हाय. (तुझी भावजय सारजा म्हणती, संधिवात तुमाला, पर वात आणलाय मला.) दिसाला वीस मेंढरं कातरलेली ही बोटं आता सदऱ्याचं बटण लावंनात. उन्हाळ्यात बारामतीच्या डॉक्टरनं वही दिली. रोज दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे आन् त्या दिशी काय घडलं ते शेजारी लिवायचं. मी चौथी पास माणूस. मार्क जास्त म्हंजी चांगलं, एवढंच साळंत शिकलो. बरं वाटलं की नऊ दिले, अंथरुणातनं उठवंना तवा दोन.

आषाढात तू चार दिस राहिलीस, आईच्या आठवणी काढून आपण हसलो, रडलो, तुला घालवायला मी वेशीपतूर चालत आलो. चारी दिस नऊ. सारजानं तोंड फुगवलं त्या दिशी दोन. डॉक्टरनं वही बघून कपाळाला हात लावला. म्हणाला, मन आन् सांधे एकमेकाला बांधलेले असत्यात, पावणे आले की तुमचं दुखणं चढतंय, माणसं टाळा. सारजा तर डॉक्टरच्या वर डॉक्टर. शेजारचा दत्तोबा पान खायला यायचा, त्याला उंबऱ्यावरनंच माघारी लावला. येऊ नको म्हणून तुला निरोप आला तोबी तिचाच.

तवापासनं घरात मी, ती आन् घड्याळ. हात सुजून भाकरी मोडंना, सारजा कुस्करून देती. (लाज वाटती.) मार्क दोन, एक, एक. डॉक्टर खूश, गोळ्या निम्म्या केल्या. परवा म्हणाला, शून्य आलं की तुमी मोकळं. तवा कुठं माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. पर तो माझी वही चार पेशंटांना कौतुकानं दाखवत व्हता, माझी जीभ उचलंना.

तू काळजी करू नको. यायची तर बिलकूल गरज न्हाय.

तुझा
सावळा

ता. क. भाऊबीजेची वाट बघू नको, आधीच ये. येताना बारामतीला उतर आन् वही उलटी हाय एवढं डॉक्टरला सांग. माझ्याच्यानं व्हणार न्हाय.

ता. क. दुसरा. सारजाला आत्ताच खरं सांगितलं. तिनं वही माझ्याम्होरं सरकवली. मग इचारलं, आपल्या दोघांच्या दिसांना किती दिलंत? दोन म्हणालो. ते दोनबी तिनं पाय चेपले म्हणून, न्हायतर शून्यच व्हतं, हे सांगायचं राहिलं. तू आल्यावर सांग.

आजचे मार्क लिवायचेत. पत्र लिवायला बसलो तवा एक व्हता. आता चार हाय.